पारड्याच्या बुडाशी

आमच्या घरात काडतुसं मी भरतो आणि उडवते बायको. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग जरा मागं सरकून बसतात. म्हणून पहिलंच सांगून टाकतो की आमच्याकडे रीतसर परवाने आहेत, भरण्याची परवानगीही कागदोपत्री आहे, आणि तिच्या पिस्तुलानं आजवर कागदी टार्गेटाखेरीज कुणालाही भोक पाडलेलं नाही. ती पोलिसात होती, हवालदार म्हणून निवृत्त झाली. नेम मात्र पोलिसातला नाही. ती आंदर मावळातली. लहानपणी भातखाचरात माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकायची, नेम तिथला आहे. मी नवलाख उंबरे गावाशेजारच्या एका कारखान्यात टूलरूमला तपासनीस होतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा पगार आयुष्यभर घेतला. निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात एकच माणूस उरलं, आणि त्या माणसाकडे पिस्तूल होतं. तेव्हा मी छंद शोधला.

छंद तिच्या पिस्तुलातूनच निघाला. सरावाला काडतुसं लागतात, ती महाग पडतात आणि वेळेवर मिळत नाहीत. उडवलेल्या काडतुसाची पितळेची पुंगळी मात्र शाबूत राहते. ती साफ करायची, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, आत दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. एवढंच काम. पण या एवढ्यात माझ्यासारख्या किरकिऱ्या माणसाला मरेपर्यंत पुरेल इतकी किरकिर आहे. मळवलीच्या आमच्या घराला मागं पडवी आहे, तिथं मी टेबल मांडलं. प्रेसचा दांडा किंचित हलायचा, म्हणून त्याला पितळेची नवी बुश खरादून बसवली. मुठीला बाभळीचा लट्टू केला. पुंगळ्या धुवायला जुन्या मिक्सरच्या मोटरवर फिरणारा डबा केला, तो असा खडखडायचा की शेजारची म्हातारी विचारायची, दळण किती उरलंय?

जीव मात्र माझा तराजूवर होता. दांडीचा तराजू, एका बाजूला पारडं, दुसऱ्या बाजूला सरकतं वजन, टोकाला काटा. बॅटरीवरचे आकडेवाले तराजू हल्ली मिळतात, पण त्यांच्याशी भांडता येत नाही. याची दांडी ज्या धारेवर टेकते ती मी स्वतः घासून आरशासारखी केली होती. समोरून कुणी जोरात बोललं तरी काटा डोलायचा. आमच्या पिस्तुलाच्या काडतुसाला दारू लागते ती चिमटीत मावेल एवढी. तीत तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढी भर पडली तर ती भर थोडी नसते. पिस्तूल जुनं असलं तर नळी फाटते, आणि पिस्तूल धरणारा हात तिथंच असतो, डोळा हातभर मागं.

आता खंडेनवमीचं. त्या दिवशी हत्यारांची पूजा. बायकोच्या माहेरी कोयता, विळा, पाभर, गोफण, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचे आणि गंध, हळद-कुंकू, अक्षता वाहायचे. तीच रीत तिनं इथं आणली. तिचं पिस्तूल, माझा व्हर्नियर, प्रेस, सगळं पाटावर जायचं. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी तिनं प्रेसला इतकं मनापासून कुंकू लावलं की ते सरकत्या भागात शिरलं आणि खरवडायला लागलं. मी बोललो. बोललो म्हणजे ओरडलो. तराजूच्या पारड्यावर हळदीचं बोट दिसलं तेव्हा तर माझा तोलच गेला.

"हे मोजमापाचं साधन आहे, देव्हारा नाही!" मी म्हणालो.

"हत्यारं हायेत ती. वर्सातनं एक दिस त्यांचा मान," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

"माझं मोजमाप जातंय!"

ती गप्प बसली. बायको गप्प बसली की आपण जिंकलो असं मला तेव्हा वाटायचं.

पुढच्या खंडेनवमीला मी पूजेनंतर डोळ्यांत तेल घालून तराजू पाहिला. दांडी स्वच्छ, पारडं आतून लखलखीत. मनात म्हटलं, चला, बाई सुधारली. दसऱ्याच्या सकाळी, मुहूर्ताला, मी तराजू मांडला, काटा शून्यावर आणला आणि काडतुसं भरायला बसलो. येत्या रविवारी तिचा सराव होता आणि त्यानंतर आठवड्यानं ज्येष्ठांची स्पर्धा. पारड्यात दारू घ्यायची, काटा स्थिर होऊ द्यायचा, पारडं उचलून पुंगळीत रिकामं करायचं आणि शेवटचा कण पडावा म्हणून पारड्याला नखानं एक टिचकी मारायची. ही टिचकी माझी सवय. कण मागं राहिलेला मला चालत नाही.

भरून झाल्यावर शून्य पुन्हा तपासायचं हीही माझी सवय. पण तेवढ्यात पुढच्या दारातून "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" सुरू झालं. आळीतली माणसं आपट्याची पानं घेऊन आली होती. मी तराजूवर कापड टाकलं, वाडग्यातली काडतुसं घाईनं डबीत ओतली आणि उठलो. पहिलं आणि शेवटचं काडतूस मात्र नेहमीप्रमाणे खुणेसाठी बाजूला ठेवलं होतं. त्या घाईत तेवढं एक शहाणपण उरलं.

रविवारी सकाळी ती डबी घेऊन स्कूटरवर गेली. सराव आंदर मावळाच्या तोंडाशी एका बंद पडलेल्या दगडखाणीत चालतो. सैन्यातले एक निवृत्त सुभेदार तो क्लब चालवतात. खाणीत मोबाईलला रेंज नाही, आणि असती तरी फोन स्कूटरच्या डिकीत ठेवून आत जायचं असा त्यांचा नियम आहे. ती गेल्यावर मी चहा घेतला आणि आरामात पडवीत बसलो. तराजूचा काटा थांबायला वेळ घेतो असं मला वाटत होतं, त्याला काहीतरी करावं असं डोक्यात होतं. म्हणून तराजू उचलला.

खालच्या हिरव्या कापडावर, बरोबर पारड्याच्या जागेखाली, तांदळाचे दाणे पडले होते. लालसर. दोन-तीन एकमेकांना चिकटलेले, वाळलेल्या गंधाच्या खपलीसकट, बाकीचे सुटे.

मी पारडं काढून उलटं केलं. बुडाला पिवळा गोल डाग होता, आणि त्यात एक दाणा अजून चिकटून होता.

कळायला वेळ लागला नाही. कारखान्यात अशी गोष्ट दुसऱ्याच्या टेबलावर सापडली असती तर मी तिथंच सभा घेतली असती. अक्षता बुडाला चिकटलेल्या असताना मी शून्य लावलं होतं. मग माझ्याच टिचक्यांनी त्या एकेक करून सैल झाल्या आणि पारडं परत अडकवताना खाली गळल्या. पारडं हलकं होत गेलं, तरी मी सकाळी लावलेलं शून्यच धरून चाललो, आणि जेवढे दाणे गळले तेवढ्या वजनाची दारू मी प्रत्येक पुंगळीत जास्त घालत गेलो. अगदी काळजीपूर्वक, कणही मागं न ठेवता.

इथं कुणीही शहाणा माणूस गाडीला किक मारून निघाला असता. मी तपासनीस. मला आधी पुरावा लागतो. नायलॉनच्या हातोडीसारखं एक साधन मी घरीच केलंय, त्यात काडतूस उलटं धरून ठोकलं की गोळी आणि दारू सुटी होते. पहिलं काडतूस फोडलं. तराजू पुन्हा शून्यावर आणला, तपासणीच्या वजनानं ताडला आणि दारू तोलली. बरोबर. मग शेवटचं फोडलं. काटा वर गेला आणि वरच टेकून राहिला.

म्हणजे डबीत दोन्ही तऱ्हेची होती, बरोबरचीही आणि जास्तीचीही, आणि घाईनं ओतल्यामुळे सगळी एकात एक. बाहेरून सगळी सारखी, चकचकीत. ओळखायला काही उपाय नाही.

तिला फोन केला. अर्थातच लागला नाही. सुभेदारांचाही नाही. मी अक्षतांची खपली कागदात गुंडाळून खिशात टाकली. का टाकली कोण जाणे. मोटरसायकल काढली तेव्हा पायात घरातल्या सपाता होत्या, हे मला कामशेतला कळलं.

आमच्या भागात रविवारी घाईनं कुठं जाऊ नये. जुन्या हायवेला लागलो तर कार्ल्याच्या फाट्यावर गाड्यांची रांग हलेना. देवीला निघालेले, लेणी बघायला निघालेले, लोणावळ्याला चिक्की घ्यायला निघालेले. एक गाडी आडवी घालून एक गृहस्थ खाली उतरून भाताच्या शेताचे फोटो काढत होते. भात पिवळं पडलेलं, काढणीला आलेलं, सगळीकडे इंद्रायणीचा वास. त्या तांदळाचा वास मला आयुष्यात पहिल्यांदा नकोसा झाला. मी त्या गृहस्थांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर मी रस्त्याच्या कडेच्या मातीतून गाडी घातली.

डोक्यात एकच चित्र होतं. सुभेदारांनी क्लबच्या दारात खिळ्याला एक फुटलेलं पिस्तूल टांगून ठेवलंय, नव्या माणसानं आत येताना बघावं म्हणून. त्याची नळी सोललेल्या केळ्यासारखी उलटी वळली आहे. ते कुणाचं, त्याचं पुढं काय झालं, हे सुभेदार सांगत नाहीत. मी दर वेळी त्याच्याजवळ उभा राहून धातू कुठून फाटला, कसा फाटला हे मोठ्या रसिकतेनं न्याहाळायचो. आता त्या नळीमागं मला तिची मूठ दिसत होती. अंगठ्याच्या मुळाशी तीळ असलेली.

कान्हे फाट्याचं रेल्वे फाटक बंद होतं. माझ्याशेजारी मोटरसायकलला दुधाची किटली अडकवून एक म्हातारा शेतकरी थांबला होता. मी गाडी सुरूच ठेवली होती आणि उगाच गाडीचा कान पिळत होतो.

"भाऊ, बंद करा गाडी. मालगाडी हाय, लय लांब आसती," तो म्हणाला.

"आबा, मला वेळ नाही."

त्यानं माझ्या पायांतल्या सपातांकडे पाहिलं. "कोन दवाखान्यात हाय का?"

अजून कोणी नाही, असं म्हणायचं होतं, पण ते तोंडातून काढायची भीती वाटली. फाटक उघडल्यावर म्हाताऱ्यानं आपली गाडी बाजूला घेऊन मला पुढं जाऊ दिलं.

खाणीच्या वाटेला लागलो आणि मी इंजिन बंद केलं, आवाज ऐकायला. गाडी उतारावरून आपोआप चालली होती. पिस्तुलाचा आवाज त्या खाणीत दोनदा येतो, एकदा खरा आणि एकदा समोरच्या कड्यावरून परत आलेला. तिची लय मला पाठ आहे. एक बार, एक लांब श्वास, दुसरा बार. घाई करत नाही, रेंगाळतही नाही. स्वयंपाक करतानाही ती तशीच असते.

एक बार झाला. माझा. म्हणजे मी नेहमी भरतो तसाच, बरोबरचा. कड्यावरून परत आला.

श्वास.

दुसरा बार. तोही माझा.

श्वास.

तिसरा बार वेगळा होता. कोरडा, चिरका, फळी तडकल्यासारखा. कड्यावरून आला तोही तसाच. आणि त्यानंतर काही नाही.

मी गाडी तिथंच टाकली. उभी केली की पाडली, आठवत नाही. खडीवरून धावताना एक सपात मागं राहिली. दारातलं ते पिस्तूल खिळ्यावर टांगलेलंच होतं. मी त्याच्याकडे न बघता आत घुसलो, तर सुभेदारांनी दंड धरून मला मागं ओढलं.

"ओ साहेब! लाल झेंडा वर आहे, दिसत नाही का? कुठं घुसताय?"

मी तिचं नाव घेऊन ओरडलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत मी तिला कधी नावानं हाक मारलेली नव्हती.

ती पाठमोरी उभी होती. मान खाली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं. तो क्षण मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. मला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि तिनं वळू नये असं वाटत होतं, कारण वळली की काय ते कळणार होतं.

ती वळली. डोळे जागच्या जागी होते. पिस्तूल टेबलावर रिकामं, उघडं करून ठेवलं होतं, मॅगझिन काढून बाजूला. सुभेदारांनी झेंडा उतरवला. ती अंगठ्याचं मूळ चोळत माझ्याकडे आली आणि खाली पडलेली पुंगळी तिनं माझ्यासमोर धरली. तिच्या बुडाची टोपी, आत दाब फार झाला की होते तशी, दाबून सपाट झाली होती.

"ह्ये तुमच्या हातचं न्हाई," ती म्हणाली. "आदीची समदी तुमची व्हती. ह्ये कुनाचं हाय?"

एका झटक्यात तिनं ओळखलं होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, जरा जोरात उडालं, आणि पुढचं उडवलं असतं. तिनं हात खाली घेतला होता, कारण आपल्या नवऱ्याच्या हातचं काडतूस असं उडत नाही, याची तिला खात्री होती. माझ्या कामाला एवढं मोठं प्रशस्तिपत्र कारखान्यात कधी मिळालं नाही, आणि मिळालं ते अशा वेळी.

मी खिशातला कागद काढून उघडला. तिनं खपली पाहिली, लाल दाणे पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"मागल्या साली तुमी लय वरडला व्हता," ती हळू म्हणाली. "म्हनून तुमाला दिसू न्हाई असं बुडाला लावलं. हत्याराला बिगर पूजेचं कसं ठिवायचं?"

मी खडीवर बसलो, एका पायात सपात. मला रडू आलं. रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. सुभेदार पाण्याची बाटली ठेवून लांब गेले.

त्या दुपारी आम्ही पडवीत समोरासमोर बसून उरलेलं प्रत्येक काडतूस फोडलं. मी ठोकायचो, तोलायचो. ती दारू डबीत ओतायची. बरोबरची दारू निघाली की ती मान हलवायची, जास्त निघाली की माझ्याकडे न बघता पुढचं काडतूस हातात द्यायची. नळीतून आणि मॅगझिनमधून काढलेली आम्ही वेगळी, त्याच क्रमानं ठेवली होती. त्यातलं सगळ्यात पहिलं, नळीतलं, म्हणजे तिनं हात खाली घेतला नसता तर पुढं जे उडालं असतं ते, सगळ्यांत जड निघालं. मी तिला तसं सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं, आणि उठून चहा टाकायला गेली.

त्यानंतर मी प्रेसवर जुनी चादर टाकली. स्पर्धेला ती बाजारची काडतुसं घेऊन गेली, आणि त्यानंतरच्या सरावांनाही. पडवीत जाणं मी टाळायचो. कधी गेलो तरी बल्ब बदलून परत. लोकांना सांगायचो की डोळ्यांना दिसत नाही हल्ली. डोळ्यांना नीट दिसत होतं. हाताची भीती वाटत होती.

पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी बघतो तर पडवी सारवल्यासारखी स्वच्छ, चादर धुऊन दोरीवर, आणि प्रेस पुसून पाटावर. शेजारी पिस्तूल, विळा, माझा व्हर्नियर आणि तराजू. ती ताट घेऊन बसली होती. प्रेसच्या मुठीला तिनं हळदीचं बारीकसं बोट लावलं, पिस्तुलाला लावलं, विळ्याला लावलं. तराजूपाशी आली आणि थांबली.

"लाव," मी म्हणालो. "वरच्या बाजूला लाव, मला दिसेल असं. मी उद्या पुसून घेईन."

"त्याला नगं," ती म्हणाली. तिनं माझा उजवा हात ओढून ताटाजवळ घेतला, अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला गंध लावलं, हळद-कुंकू लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या. "बाजारचं काडतूस उडतंय चांगलं. पन कुनाच्या हातचं हाय, त्ये कळत न्हाई."

गंध वाळून अक्षता घट्ट बसेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

पूजेचा हात धुवायचा कसा, म्हणून त्या दिवशी मी डाव्या हातात चमचा धरून जेवायला बसलो. भात अर्धा झाला असेल, तोच अंगठ्यावरचा एक दाणा सुटला आणि ताटाच्या काठाशी पडला. आम्ही दोघंही जेवायचं थांबलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो. मग तिनं तो दोन बोटांत उचलला, पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "उद्या काडतुसं भराय बसाल, तवा आदी ह्यो तोला."